ताट नंबर ७४

माझ्या मांडणीत गेले पाच आठवडे एक ताट आहे, जे माझं नाही. स्टीलचं, पातळ पत्र्याचं, काठाला एका जागी पोचा आलेलं. ओट्यावर ठेवलं की जरा डुगडुगतं. त्याच्या मधोमध, जिथे भाताची मूद पडते तिथे, ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलंय : एका महिला बचत गटाचं नाव, गावाचं नाव, सन २०१८ आणि खाली आकडा, ७४. परवा लेकीनं त्यात पोहे घेतले. पोहे संपत आल्यावर ते नाव वर आलं तशी ती म्हणाली, "आई, हे कुठून ढापलंस?" मी हसले, पण ताट धुताना हात जरा रेंगाळला. कारण तिचा शब्द तसा बरोबरच होता. ताट परत करायचं राहिलंय. आणि मला वाटतं, ते मी विसरले म्हणून राहिलेलं नाही.

ताट आलं ते आक्कांच्या तेराव्याहून. गाव माण तालुक्यातलं, म्हसवडपासून तासाभराच्या अंतरावरचं. आक्का गटाच्या पहिल्या अध्यक्षा. सचिव वहिनींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात भाजी निवडत होते. "ताई, आक्का गेल्या. तेराव्याला या, तुमची आठवण काढायच्या." गेले. पत्र्याच्या शेडखाली सतरंज्या अंथरलेल्या, बायकांच्या पंगतीत जागा मिळाली. भात, आमटी, वांगं-बटाट्याची भाजी, बुंदी. आमटी इतकी झणझणीत की डोळ्यांतलं पाणी कशाचं, याचा मलाच पत्ता लागेना. भात संपवत आणला आणि ताटाच्या तळातून अक्षरं उगवली. शेजारच्या बाईच्या ताटात तेच नाव, आकडा २१. पलीकडे ११०. चुलवणावरच्या जर्मनच्या पातेल्यांवर तेच, परातींवर, झाऱ्यावर, पाण्याच्या पिंपावरसुद्धा. गटानं भांडी घेतली हे मी फोनवर ऐकलं होतं. पण फोनवर ऐकणं वेगळं आणि त्या भांड्यांतून जेवणं वेगळं.

ही भांडी घेऊ नका, असं मीच सांगितलं होतं.

२०१३ची गोष्ट. मी तेव्हा एका संस्थेत होते. संस्थेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, अशा पुष्कळ असतात, आणि तिथली माणसं काही वाईट नव्हती. माझं काम कागदाचं. बायका बोलायच्या आणि मी ते निधी देणाऱ्याला समजेल अशा भाषेत लिहायचे. आधीच्या वर्षीच्या दुष्काळानं माणदेश पिळून निघाला होता, जनावरं छावण्यांत राहून आली होती. वर कुठेतरी ठरलं की या पट्ट्यातल्या महिला गटांना गावाच्या उपयोगाच्या कामासाठी ७५ हजारांपर्यंत मदत द्यायची. मी वही घेऊन गेले. देवळाच्या ओट्यावर चौदा जणी बसल्या होत्या, मधे कुलूपवाली पत्र्याची पेटी. मी विचारलं, गावासाठी काय करायचंय? मला वाटलं होतं, कुजबूज होईल, एकमेकींकडे बघतील. तसं काही झालं नाही. आक्कांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "भांडी."

मी पुन्हा विचारलं, म्हणजे भांड्यांचं दुकान? "न्हाय वो. लग्नाची, मयताची. मोठी भांडी." लग्न निघालं, बारसं निघालं, कुणी गेलं, की दोनशे माणसांचं रांधायचं कशात? तालुक्याच्या गावाहून मंडपवाल्याकडून आणली तर टेंपोचं भाडंच भांड्यांच्या भाड्याहून जास्त. नाहीतर मग गावातल्या एका भावकीची भांडी होती, ती मागायची. मला ते तेव्हा नीट कळलं नाही. मी विचारलं, यातून उत्पन्न किती येईल? फॉर्मवर तो रकाना होता : 'अपेक्षित मासिक उत्पन्न'. त्याच्याखाली 'लाभार्थी संख्या'. त्याच्याखाली 'उपक्रमाचे कारण'. आक्का म्हणाल्या, उत्पन्नाचं काय घेऊन बसलात, भांडी लागत्यात म्हणून पाहिजेत. मी पेन टेकवून बसून राहिले. 'लागतात म्हणून' असं त्या रकान्यात लिहिता येत नव्हतं.

मग मी त्यांना समजावलं. हे वाक्य लिहिताना आजही कानशिलं तापतात. आवाज मऊ ठेवून, हसून, अधूनमधून त्यांच्यासारखं 'व्हय की' म्हणत समजावलं. भांड्यांना मदत बसणार नाही, मशीनला बसेल. मिरची कांडपाचं मशीन घेऊ या. मसाला करा, पाकिटं करा, विका. नमुना म्हणून मी लिज्जतची गोष्टही सांगितली. बचत गटाच्या कुठल्याही प्रशिक्षणात ती येतेच : १९५९ साल, गिरगाव, सात जणी आणि उसने घेतलेले ८० रुपये. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "ऐंशी रुपयं उसनं देणाऱ्यानं त्यांच्याकडनं किती पानं लिहून घेतली व्हती?" बायका खदखदल्या. मीही हसले. आणि पाच पानं लिहिली. मशीन आलं, हार घातला, फोटो निघाला. त्या फोटोत सगळ्यात रुंद हसू माझंच आहे.

मशीनचं काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण ते कुणालाही सांगता येईल. मिरची कांडायची ती शिमग्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत, बाकीचे महिने मशीन झोपलेलं. थ्री फेज वीज यायची ती रात्री-बेरात्री. तालुक्याला आधीच दोन कांडपवाले होते. दुष्काळात मिरचीच महाग, तिथे पाकिटं कोण घेतो. तिसऱ्या वर्षी मी गेले तेव्हा मशीनवर पोतं टाकलेलं, पोत्यावर मांजर व्यायलेली. आमच्या अहवालात मात्र ते चालूच होतं. मांजरीच्या पिल्लांना लाभार्थी धरलं नाही एवढंच.

बायकांनी कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

माझी आई कराडला भिशी चालवायची. दहा जणी, महिन्याला पन्नास रुपये, पाच तारखेला आमच्या घरी चहा आणि चिवडा. स्टीलच्या पेल्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि लहान मूल निष्पाप म्हणून चिठ्ठी मी उचलायची. मी आठ वर्षांची असेन. एका महिन्यात आईनं मला न्हाणीघरात नेऊन कानात सांगितलं, "कोपरा दुमडलेली उचल." मी उचलली. पलीकडच्या वाड्यातल्या काकूंचं नाव निघालं. त्यांच्या यजमानांना टायफॉईड झाला होता आणि घरात पैसा नव्हता. काकूंनी देवाला हात जोडले. मला किती तरी दिवस वाटत होतं की मी चोरी केली, आणि आई त्यात सामील आहे. आईच्या शेवटच्या आजारपणात मी तिला ते विचारलं. ती म्हणाली, "अगं, सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तिला नव्हतं." नऊ बायकांनी न बोलता ठरवलेलं, कुठे न लिहिलेलं. त्या भिशीला वही होती, पण वहीत फक्त नावं आणि आकडे. कारणाचा रकाना नव्हता.

गटांच्या वहीत मात्र तो असतो. नाबार्ड या शेती-ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेनं १९९२मध्ये ५०० गट बँकेला जोडायचा प्रयोग केला तेव्हापासून आजवर गटांच्या वह्या पुष्कळ सुधारल्या. माविम, म्हणजे राज्याचं महिला आर्थिक विकास महामंडळ, आलं होतं १९७५लाच, उमेद हे राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान आलं २०११ला, प्रत्येकानं आपापली नोंदवही आणली. मी अशा शेकडो वह्या चाळल्यात. 'कर्जाचे कारण' या मथळ्याखाली एकच शब्द उभा खाली धावतो : शेळी, शेळी, शेळी, शिलाई मशीन, शेळी. एका वर्षी मी एका वाडीतल्या वहीवरून शेळ्या मोजल्या आणि मग वाडीत हिंडून मोजल्या. वहीत एकोणीस, वाडीत सात. उरलेल्या बारा शेळ्या म्हणजे कुणाचं सिझेरियन, कुणाची अकरावीची फी, कुणाच्या सासऱ्याचं मोतीबिंदू, आणि एक, जी मला फार आवडली, ती म्हणजे पंढरपूर. शेकडा दोन रुपये व्याजानं घेऊन, हप्त्यानं फेडून, एक विधवा बाई पहिल्यांदा वारीला जाऊन आली होती. वहीत ती शेळी होऊन बसली होती. खोटं लिहायला कुणी शिकवलं? साहेबांना शेळी आवडते हे त्यांना कळलं होतं, इतकंच. माणदेशात शेळी म्हणजे गरिबाची गाय, त्यामुळे शंका घ्यायलाही जागा नाही.

म्हसवडचीच एक गोष्ट आहे, तुम्ही ऐकली असेल. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा आणि तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायची ठरवली, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तक बायकांना लिहितावाचता येत नाही, असं कारण. बायका गावात परतल्या, साक्षरतेच्या वर्गात बसल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा जाऊन साहेबांनाच म्हणाल्या की मुद्दल सांगा, त्याचं व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनी कॅल्क्युलेटरवर करावं. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. ही गोष्ट सांगताना सगळे त्या तोंडी हिशोबावर टाळ्या वाजवतात. मला मात्र मधले ते महिने आठवत राहतात. दिवसभर रोजगार करून, भाकरी थापून, रात्री दिव्याखाली अक्षरं गिरवायची, कशासाठी, तर आपल्याच पैशांना आपल्या नावाची पेटी मिळावी म्हणून. त्यांना हिशोब आधीच येत होता. नुसता येऊन भागत नव्हता.

भांड्यांकडे परत येते. गटाची बचत होती बाईमागे महिना ५० रुपये, चौदा जणींचे मिळून ७००. त्यातूनच आपापसात कर्ज द्यायचं, व्याज पेटीत जमा. बैठकीला उशीर झाला तर पाच रुपये दंड, तोही पेटीत. मशीन आल्यावर कुणालाही न सांगता त्यांनी ठराव केला की व्याज आणि दंड वाटून घ्यायचा नाही, बाजूला ठेवायचा. सूचक आक्का, अनुमोदक वहिनी. पाचेक वर्षांत ते २३ हजार झाले, आणखी १३ हजार बचतीतून काढले आणि २०१८च्या दिवाळीनंतर चौघी जणी एसटीनं जाऊन भांडी घेऊन आल्या. दीडशे ताटं, दीडशे वाट्या, तांबे, पाच पातेली, तीन पराती, झारे, वगराळी. नाव कोरायला माणूस गावातच बोलावला, दोन दिवस देवळात टकटक चालू होती. वहिनींनी हे मला सांगितलं ते तेराव्याच्या दुपारी, राखेनं पराती घासता घासता. मीही पदर खोचून बसले होते. माझ्या डोक्यात ताबडतोब हिशोब सुरू झाला, ताटाला दोन रुपये, पातेल्याला तीस, वर्षाला किती लग्नं... मी विचारलंच, गेल्या वर्षी भाडं किती आलं? "अकरा हजारांच्या वर." म्हणजे त्या फॉर्मातल्या रकान्यात लिहिण्यासारखा आकडाही होता की. मला आनंद व्हायला हवा होता. उलट स्वतःचाच राग आला, की इतक्या वर्षांनी, आक्कांच्या तेराव्याला, हात राखेत असताना मी पहिला प्रश्न तोच विचारला.

नियम वहिनींना तोंडपाठ. लग्नाला भाडं, बारशाला निम्मं, मयताला नाही. मयताच्या घरानं भांडी घासायचीही नाहीत, गटातल्या दोघी जणी पाळीनं घासणार. हरवलं तर भरून द्यायचं, उशीर झाला तर ताटामागे दिवसाला दोन रुपये दंड. "मयताला पण?" मी विचारलं. "भाडं माफ, दंड माफ न्हाय. न्हायतर ताटं ऱ्हात्यात व्हय?"

आणि मग वहिनी जरा आवाज खाली करून बोलल्या. जे मला २०१३मध्ये त्या ओट्यावर कळलं नव्हतं ते. भावकीची भांडी मागायला जायचं म्हणजे नुसतं मागणं नव्हे. कोण आलंय, कशाला आलंय, मागचं उसनं फेडलं का, पोरीचं लग्न एवढ्या घाईनं का काढलं, सगळं दारात उभं राहून ऐकायचं. आणि बौद्धवाड्यात तर ती भांडी जायचीच नाहीत. त्यांनी मागायचीही नाहीत, असा न बोललेला दंडक. आक्का त्याच भावकीतल्या. भांडी आल्यावर दोन महिन्यांत बौद्धवाड्यात लग्न निघालं आणि मुलीची आई गटाच्या दारात आली. गटात भांडण पेटलं. ती बैठक रात्री अकरापर्यंत चालली. काहीजणी म्हणाल्या, द्या, पण वेगळी दोन पातेली ठरवून ठेवा. आक्का म्हणाल्या, "ताटावर नाव गटाचं हाय, भावकीचं न्हाय." ठराव लिहिला गेला, 'गावातील कोणासही', आणि एका बाईनं त्याच आठवड्यात आपली बचत व्याजासकट मोजून घेतली आणि गट सोडला. आक्कांची सख्खी जाऊ. पुढे दोघी बोलल्या नाहीत, बांध एकच असून. "आज आलीया," वहिनी म्हणाल्या, "जेवली पण. कशात जेवली त्ये बघितलं नसंल."

इथे लेख संपवला तर तो फार छान दिसेल, म्हणून पुढचंही सांगते. त्या लग्नानंतर बौद्धवाड्यातून भांडी मागायला फारसं कुणी आलं नाही. का, ते वहिनींना नीट सांगता येईना, किंवा सांगायचं नव्हतं. दोन वर्षांनी तिथल्या गटानं स्वतःची भांडी घेतली, शंभर ताटं. त्यांच्या ताटांवर त्यांचं नाव. आता एका गावात दोन गटांची भांडी आहेत. हे चांगलं झालं की वाईट, याचा मी परतीच्या एसटीत विचार करत होते. माझ्या जुन्या नोकरीत असते तर दोन्ही यशोगाथाच लिहिल्या असत्या, दोन वेगळ्या पानांवर.

म्हणजे बाहेरचा पैसा नकोच, असं मी म्हणते आहे का? नाही. पाच वर्षं पाच-पाच रुपये दंड जमवून बायकांनी गावाची सोय करावी आणि आपण त्यांच्या चिकाटीचं कौतुक करावं, यात मला थोडी लबाडी वाटते. गटार तुंबलं, अंगणवाडी रंगवायची, दारूचं दुकान बंद करायचं, सगळ्याला 'महिला गट पुढे या'. घासायचं त्यांनी, जमवायचंही त्यांनीच? त्या पाच वर्षांत गावात लग्नं झालीच असतील, आणि कुणीतरी त्या दारात उभं राहून ते सगळं ऐकूनही घेतलं असेल. ते मी त्या फॉर्मवर चार शब्द धीरानं लिहिले असते तर टळलं असतं. पुढे उमेदमधून ग्रामसंघामार्फत, म्हणजे गावातल्या गटांच्या संघामार्फत, गटाला ६० हजारांचा समुदाय गुंतवणूक निधी मिळाला. त्याबद्दल वहिनी चांगलं बोलतात. तो पैसा फेडला की वर सरकारकडे जात नाही, ग्रामसंघाकडे येतो आणि पुन्हा गावातच फिरतो. पहिलं कुणाला, दुसरं कुणाला, हे बायका बसून ठरवतात, भांडून ठरवतात. मी विचारलं, त्या वहीत कारण काय लिहिता? वहिनींनी परातीवरून नजर न उचलता सांगितलं, "म्हस." आणि मग हसल्या. शेळीची म्हैस झाली आहे. प्रगतीच म्हणायची.

दिवस मावळायला लागला तशी भांडी मोजायला घेतली. ताटांच्या वीस-वीसच्या चळती. निघताना वहिनींनी बुंदी आणि चार पोळ्या मला बांधून दिल्या, एका ताटात, वरून फडकं. मी नको म्हणत होते, पण मयताच्या घरचं नको म्हणू नये, असं आत बसलेल्या म्हाताऱ्या आत्याबाई म्हणाल्या. वहिनींनी कोनाड्यातून वही काढली. तारीख. नाव. वस्तू : ताट १, नंबर ७४. त्यापुढे 'कारण' असा रकाना होता. लग्न, बारसं, मयत यांतलं काही तरी तिथे येतं. वहिनींनी पेन टेकवलं, माझ्याकडे बघितलं. मीही बघत राहिले, मला खरोखरच काही सुचेना. मग त्यांनी तिथे आडवी रेघ मारली आणि वही मिटली.

बुंदी दुसऱ्या दिवशी संपली. ताट मी त्याच आठवड्यात कुरिअरनं पाठवू शकले असते. एकदा खोक्यात घालूनही ठेवलं होतं. मग काढलं आणि मांडणीत आमच्या ताटांच्या पुढे उभं केलं. आज सकाळी वहिनींचा फोन आला. पंचवीस तारखेला लग्न आहे, दीडशेची मागणी आहे, ताटं एकशे एकोणपन्नास भरतात. "पोस्टानं नको ताई, पोचा येतो. तुमीच या घिऊन." मी विचारलं, दंड किती झाला? पलीकडून पानं चाळल्याचा आवाज आला. "सत्तर रुपयं. सुट्टे आणा."